आधी फायली, मग रंगरंगोटी: जुन्या वृत्तपत्रांच्या वास्तूंचे संग्रहालय करू पाहणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
जुन्या मराठी वृत्तपत्रांचे मालक आणि विश्वस्त,
तसेच त्यांच्या वास्तू ताब्यात घेणाऱ्या नगरपरिषदांचे आणि महानगरपालिकांचे पदाधिकारी यांस,

स. न. वि. वि.

वृत्तपत्राची कचेरी महामार्गालगतच्या नव्या इमारतीत जाते, ऑफसेटचे यंत्र तिथे बसते आणि पेठेतली जुनी वास्तू रिकामी होते. जागेचा भाव चढलेला असतो, वारसदार अनेक असतात, बिल्डर दारात उभा असतो. अशा वेळी ‘ही वास्तू पाडायची नाही, इथे गावाच्या इतिहासाचे संग्रहालय करायचे’ असे जे ठरवतात, त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. हे पत्र त्यांनाच लिहिते आहे. ज्यांनी पाडायचे ठरवले त्यांच्याशी वेगळे भांडावे लागेल.

स्थानिक इतिहासाच्या कामासाठी जुन्या अंकांच्या फायली वाचणे हा माझा अनेक वर्षांचा उद्योग आहे. त्या निमित्ताने अशा संग्रहालयांचे आराखडे पाहायला मिळाले, उद्घाटन झालेली काही दालनेही पाहिली. बहुतेक ठिकाणी मांडणी तीच. दाराशी संस्थापकांचा अर्धपुतळा. आत त्यांची खुर्ची, मेज, दौत, चष्मा. भिंतीवर पहिल्या अंकाचे मोठे केलेले छायाचित्र. कोपऱ्यात काळा चकचकीत रंग दिलेले ट्रेडल, म्हणजे पायाने चालवायचे जुने छपाईयंत्र. फायली कुठे आहेत असे विचारले की उत्तर येते, ‘वर माळ्यावर असतील’. एका ठिकाणी सांगितले, ‘जागा होत नव्हती, रद्दीत घातल्या.’ सांगणाऱ्याला त्यात काही विशेष वाटले नव्हते. मी मात्र त्या दिवशी पुढचे दालन पाहूच शकले नाही.

संस्थापकांचा मान राखू नये असे मी म्हणत नाही. कर्ज काढून, घरचे दागिने गहाण टाकून, तुरुंगाची भीती न बाळगता ज्यांनी पत्रे चालवली, त्यांचे पुतळे जरूर असावेत. पण त्या माणसाने आयुष्य ज्यात घातले ती गोष्ट म्हणजे अंक. तो माळ्यावर वाळवी खात असताना खाली त्याच्या चष्म्याला काचेची पेटी करणे मला पटत नाही. माझी मागणी साधी आहे. भिंतींना रंग देण्याआधी, दिव्यांची निविदा काढण्याआधी, पुतळ्याची ऑर्डर देण्याआधी फायली सुरक्षित करा आणि त्या वाचायला मिळतील अशी खोली त्याच वास्तूत करा. वाचनखोली नसलेले वृत्तपत्राचे संग्रहालय अपुरे आहे, आणि निधी तोकडा असेल तर बाकी सगळे पुढे ढकलावे, ती खोली ढकलू नये, असे माझे ठाम मत आहे.

एवढा आग्रह का, ते सांगते.

६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत ‘दर्पण’ काढले, हे आपण दर वर्षी पत्रकार दिनाला म्हणतो. १८४१ मध्ये भाऊ महाजनांचे ‘प्रभाकर’ आले, त्यात १८४८ पासून लोकहितवादींची शतपत्रे छापली गेली. १८४९ मध्ये पुण्यात ‘ज्ञानप्रकाश’ निघाले. इथपर्यंतचा इतिहास पाठ्यपुस्तकांत येतो. साताऱ्याचे ‘शुभसूचक’, वाईचे ‘मोदवृत्त’, रत्नागिरीचे ‘सत्यशोधक’, अकोल्याचे ‘वऱ्हाड समाचार’ ही नावे मात्र अभ्यासकांच्या पलीकडे फारशी कुणाला माहीत नसतात. जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या गावी निघालेल्या अशा पत्रांनी त्या त्या गावाची रोजची नोंद ठेवली. दुसऱ्या कुणी ती ठेवली नव्हती. सरकारी दप्तरात सारा, खटले आणि नेमणुका सापडतात. गॅझेटिअरमध्ये, म्हणजे सरकारी जिल्हावर्णनात, नद्या, पिके, जाती आणि देवळे सापडतात. पण कुठल्या आळीत पाणी येत नव्हते, म्युनिसिपालिटीच्या सभेत कोण कुणावर ओरडले, गुळाचा भाव कधी कोसळला, कोणत्या नाटक मंडळीचा मुक्काम किती लांबला, मुलींच्या शाळेवर कुणी टीका केली आणि तिला कुणी उत्तर दिले, हे फक्त त्या चार पानांत आहे.

मोठ्या घटनांचेही तसेच. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि पुढे महाराष्ट्रभर पसरला, हे कोणत्याही पुस्तकात मिळेल. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाचे एकूण आकडेही मिळतील. पण आपल्या गावातल्या लोकांनी घरे कधी सोडली, शेताडीत झोपड्या कुठे पडल्या, कोणता आठवडी बाजार बंद राहिला, वैद्य आणि डॉक्टर यांच्यात काय वाद झाला, हे गावच्याच पत्रात असते. १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर, ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप, १९७२ चा दुष्काळ यांच्या बाबतीतही मुंबईच्या दैनिकात बातमी आली आणि दोन आठवड्यांत ओसरली. स्थानिक पत्रात ती वर्षभर चालू राहिली: मदत कुणाला पोचली, कुणाला नाही, पुनर्वसनाच्या यादीतून कोणाचे नाव गळले. पेठेतल्या माणसाला आपला पणजोबा सापडायचा तर तो तिथेच, एखाद्या वर्गणीदारांच्या यादीत किंवा ‘संपादकांस पत्रे’ या सदरात.

आणि अंक गेले की काय उरते, तेही पाहण्यासारखे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून इंग्रज सरकार देशी वृत्तपत्रांतल्या मजकुराचे इंग्रजी गोषवारे दर आठवड्याला तयार करून घेत असे. भाषांतरकार अंक वाचत, सरकारच्या कामाचे वाटेल तेवढे निवडत आणि थोडक्यात इंग्रजीत उतरवत. हे अहवाल आज पुराभिलेखागारात आहेत आणि अभ्यासकाला फार उपयोगी पडतात. पण कित्येक पत्रांचा एकही पूर्ण अंक हाती लागत नाही आणि त्यांचा आवाज एवढ्या गोषवाऱ्यांपुरताच शिल्लक आहे. परक्या राज्यकर्त्याने संशयाने वेचलेला आणि परक्या भाषेत आटवलेला. त्या संपादकाने राजद्रोहाच्या जवळ जाणारे काय लिहिले ते आपल्याला कळते. त्याने विहिरीवर, लग्नखर्चावर, पावसावर काय लिहिले ते कळत नाही, कारण सरकारला त्याची गरज नव्हती. आपल्या पत्राच्या फायली अजून माळ्यावर असतील तर आपल्या गावाचे हे नुकसान अजून टाळता येण्याजोगे आहे, आणि ते टाळणे तुमच्या हातात आहे.

आता कागदाबद्दल थोडे सविस्तर, कारण सद्भावनेने केलेल्या उपायांनीच सर्वांत जास्त फायली खराब झालेल्या मी पाहिल्या आहेत.

‘जितके जुने तितके नाजूक’ अशी समजूत असते. वर्तमानपत्राच्या कागदाबाबत ती बऱ्याचदा चुकीची ठरते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंतचा कागद मुख्यतः चिंध्यांपासून बनत असे; त्याचे तंतू लांब आणि चिवट. पुढे लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद आला. त्यात लिग्निन हा लाकडातला घटक राहतो, काळाच्या ओघात आम्ल तयार होते, उजेड आणि उष्णता त्याला हातभार लावतात, आणि पान आधी पिवळे, मग तपकिरी, मग दुमडले की तुटणारे होते. म्हणून १८५० चा अंक हाताळता येतो आणि १९५० चा बोटांत चुरतो, असे घडू शकते. कामाचा क्रम वर्षावरून ठरवू नका, पानाची अवस्था पाहून ठरवा. दोन महायुद्धांच्या मधली वर्षे आणि स्वातंत्र्यानंतरची पहिली दोन-तीन दशके, म्हणजे ज्या काळाला आपण ‘फार जुना नाही’ म्हणून बाजूला ठेवतो, तोच बहुधा सर्वांत आधी हातचा जाईल.

फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका. त्याचा गोंद कागदात उतरतो आणि काही वर्षांनी डाग कायमचा राहतो. लॅमिनेशन तर नकोच, ते पुन्हा सोडवता येत नाही. जोडणी करायची तर पातळ जपानी टिश्यू कागद आणि गव्हाच्या स्टार्चची खळ, तीही शिकलेल्या माणसाच्या हातून. बांधीव फायली उभ्या ठेवू नका, आडव्या ठेवा, आणि थप्पी लहान ठेवा. बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, पावसाळ्यात ओल तिथूनच येते. माळा तर फायलींसाठी सर्वांत वाईट जागा, कारण उन्हाळ्यात छपराखाली सर्वांत जास्त तापते. डांबरगोळ्यांनी कसर आणि वाळवी पळते असे समजून खोली भरून टाकू नका. स्वच्छता, वारा आणि दर महिन्याला कुणीतरी फायली हलवून पाहणे याचा जास्त उपयोग होतो. छायाचित्रांच्या निगेटिव्ह असतील तर एखादा डबा उघडताच आंबूस, व्हिनेगरसारखा वास येईल. ती फिल्म विघटित होऊ लागल्याची खूण आहे. तो डबा त्याच दिवशी बाकीच्यांपासून वेगळा करा. यातल्या बहुतेक गोष्टींना मोठा निधी लागत नाही. कपाटे, आम्लविरहित खोके, पडदे, आणि पगार देऊन नेमलेला एक जबाबदार माणूस एवढे लागते. हा शेवटचा खर्च आराखड्यात कधीच नसतो.

स्कॅनिंग करा, जरूर करा. पण त्यासाठी बांधणी कापू नका. पुस्तक उघडे ठेवून वरून छायाचित्र घेणारी यंत्रे आता दुर्मीळ राहिलेली नाहीत. प्रती तीन ठिकाणी ठेवा, त्यातली एक तरी दुसऱ्या गावी. आणि सर्वांत महत्त्वाचे: स्कॅन झाले म्हणून मूळ अंक टाकू नका. अमेरिकेतल्या मोठमोठ्या ग्रंथालयांनी विसाव्या शतकात मायक्रोफिल्म झाल्यावर मूळ फायली काढून टाकल्या. नंतर लक्षात आले की कित्येक पाने अस्पष्ट उमटली आहेत, काही सुटलीच आहेत, आणि परत पाहायला मूळ प्रत नाही. ती चूक आपण पाहून टाळू शकतो.

वास्तूबद्दल माझी एकच विनंती आहे: तिच्या आतल्या खोल्या मोडून मोठे सभागृह करू नका. वृत्तपत्राची जुनी इमारत तिच्या कामाप्रमाणे बांधलेली किंवा हळूहळू बदललेली असते. जड यंत्र तळमजल्यावर, कारण त्याचे वजन आणि हादरे वरच्या मजल्याला सोसत नाहीत. जुळणीची, म्हणजे अक्षरे एकेक करून ओळीत लावण्याची, खोली भरपूर उजेडाची, मोठ्या खिडक्यांची, कारण बारीक खिळे, म्हणजे धातूची सुटी अक्षरे, डोळ्यांनी वेचायचे असतात. संपादकांची खोली रस्त्यापासून थोडी आत. जाहिराती आणि वर्गणी घेणारी खिडकी अगदी दारात. गठ्ठे बाहेर काढायला मागचे दार. मजकूर जिन्यावरून खाली जाई, तपासणीची प्रुफे वर येत, आणि पहाटे मागच्या दाराने अंक गावात जाई. हा रस्ता पाहुण्याला पायांनी चालता आला तर त्याला निम्मे काम समजते, फलक वाचावेही लागत नाहीत. जमिनीवरचे शाईचे डाग, यंत्राच्या पायाचे बोल्ट, भिंतीवर पेन्सिलीने लिहिलेले दूरध्वनी क्रमांक, हे सारे ‘दुरुस्ती’च्या नावाखाली घासून काढू नका.

आणि त्या जुळणीच्या खोलीत कोण उभे होते, हे सांगायला विसरू नका. या पत्रातला मला सर्वांत जवळचा विषय हाच आहे.

१८६७ च्या कायद्याने प्रत्येक अंकावर मुद्रकाचे आणि प्रकाशकाचे नाव आणि ठिकाण छापणे बंधनकारक केले. त्यामुळे ‘हे पत्र अमुक यांनी अमुक छापखान्यात छापून अमुक येथे प्रसिद्ध केले’ ही ओळ आपल्याला प्रत्येक जुन्या अंकाच्या तळाशी दिसते. सरकारला जप्तीसाठी आणि खटल्यासाठी एक नाव हवे होते. जुळाऱ्याचे, म्हणजे खिळे जुळवणाऱ्या कामगाराचे, नाव कोणालाच नको होते, म्हणून ते कुठेच नाही. वास्तविक देवनागरीची जुळणी रोमन लिपीपेक्षा कितीतरी किचकट. काना, मात्रा, वेलांट्या, रफार, जोडाक्षरे. शेकडो घरांची केस, म्हणजे खिळ्यांची पेटी, समोर मांडलेली, आणि कोणता खिळा कोणत्या घरात हे हाताला पाठ. जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याने मराठी टाइपाला जे देखणेपण दिले, त्याचे कौतुक आपण वाचतो, आणि ते योग्यच आहे. पण तो टाइप रोज रात्री हातातल्या स्टिकमध्ये उलटा वाचत जुळवणारा, जुळवलेल्या ओळींची गॅली उचलणारा, छपाईच्या पानांचा फर्मा आवळणारा, छपाई झाल्यावर खिळे धुऊन पुन्हा आपापल्या घरात सोडणारा माणूस आपल्याला ठाऊक नसतो. ‘अखंड’ आणि ‘डिग्री’ हे टाइपाचे शब्द त्याच्या तोंडी होते, आता ते शब्दही जात आहेत. खिळ्यांचा धातू शिसे, अँटिमनी आणि कथील यांचा. आयुष्यभर शिशात हात घालून काम करायचे आणि वर चुकीच्या अक्षराबद्दल बोलणी खायची.

जुन्या छापखान्यांची हजेरीपुस्तके आणि पगारपत्रके फायलींबरोबर माळ्यावर पडलेली असतात. ती शोधा. त्यांत नावे आहेत. ती नावे संस्थापकांच्या नावाइतक्याच मोठ्या अक्षरांत त्या खोलीच्या भिंतीवर लावा. आणि ज्यांनी खिळे जुळवले त्यांच्यापैकी काहीजण अजून आहेत. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकांत फोटो कंपोझिंग आणि मग संगणक आला, तेव्हा जे तरुण जुळारी होते ते आज सत्तरीत, ऐंशीत आहेत. त्यांच्याकडे जाऊन त्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित करा. संपादकांच्या हस्ताक्षराबद्दल, संपाबद्दल, निवडणुकीच्या रात्रींबद्दल ते जे सांगतील ते कुठल्याच फायलीत मिळणार नाही. इमारत आणखी एक वर्ष थांबू शकते. ही माणसे थांबतीलच असे नाही. शक्य असेल तर त्यांच्यातल्या एखाद्याला मानधन देऊन ट्रेडल चालू ठेवायला सांगा. ज्या यंत्राला रोज तेल मिळते ते रंग दिलेल्या यंत्रापेक्षा जास्त टिकते. पाहुण्यांना आपले नाव जुळवून छापू द्यायचे असेल तर मोठ्यांना जरूर द्या, आणि शेजारी हात धुण्याची सोय ठेवा. लहान मुलांच्या हाती शिशाचे खिळे देऊ नका, त्यांच्यासाठी लाकडी टाइप वापरा.

यानंतरची विनंती मालकांना आणि विश्वस्तांना कदाचित रुचणार नाही, तरी ती करणे मला भाग आहे. तुमच्या पत्राने जे छापले नाही, तेही या संग्रहालयात असू द्या.

गावाचा इतिहास एका पत्रात मावत नाही. ३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे ‘मूकनायक’ निघाले. शाहू महाराजांनी त्यासाठी २५०० रुपयांची मदत केली होती. त्या पत्राची जाहिरात पैसे घेऊनही छापायला ‘केसरी’ने नकार दिला, असे आंबेडकरांनी नमूद केले आहे. त्या काळातला महाराष्ट्र समजून घ्यायचा तर दोन्ही पत्रे शेजारी ठेवूनच वाचावी लागतात. त्याआधी १८७७ मध्ये कृष्णराव भालेकरांनी ‘दीनबंधू’ काढले, पुढे नारायण मेघाजी लोखंडे यांनी ते चालवले, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तानुबाई बिर्जे यांनी त्याचे संपादन केले. एक बाई मराठी पत्राची संपादक होती, हे आजही अनेक पत्रकारांना सांगावे लागते. मुकुंदराव पाटलांनी १९१० पासून अर्ध्या शतकाहून अधिक काळ ‘दीनमित्र’ चालवले, तेही शहरातून नव्हे, नगर जिल्ह्यातल्या तरवडीसारख्या खेड्यातून. ही पत्रे ज्यांनी वाचली त्यांचे गाव आणि ‘प्रतिष्ठित’ पत्राच्या वर्गणीदारांचे गाव एकाच नकाशावर होते, तरी एकमेकांच्या पानांत ते क्वचितच दिसत.

म्हणून संग्रहालय तुमच्या पत्राच्या वास्तूत असले तरी त्यात गावातल्या सगळ्या पत्रांना जागा हवी. तुमच्या प्रतिस्पर्ध्याची फाइल, कामगार संघटनेची पत्रके, बंद पडलेली साप्ताहिके, गावात निघालेले उर्दू, कानडी किंवा गुजराती पत्र असेल तर तेही. प्रतिस्पर्ध्याच्या वारसांकडे तुम्ही स्वतः जा, आपण होऊन ते येणार नाहीत. ज्या विषयांवर तुमच्या पत्राने चुकीची बाजू घेतली, दंगलीच्या दिवसांत भडक मथळे दिले, एखाद्या पाणवठ्याच्या किंवा देवळाच्या सत्याग्रहावर वाईट लिहिले, ते अंक दालनात उघडे ठेवा. आणीबाणीत, जून १९७५ ते मार्च १९७७, कोणता मजकूर सेन्सॉरकडे गेला आणि तुम्ही काय स्वतःहून गाळले, त्याची प्रुफे सापडली तर तीही. असे करणाऱ्या संस्थेवरचा लोकांचा विश्वास वाढतो, अशी माझी पक्की खात्री आहे.

हे सगळे स्वप्नवत नाही. पुण्यातला गायकवाड वाडा टिळकांनी १९०५ मध्ये विकत घेतला आणि तो केसरीवाडा झाला. तिथे टिळकांच्या वस्तूंचे संग्रहालय आहे, १९०७ मध्ये जर्मनीत श्टुटगार्टला मादाम कामांनी फडकवलेला ध्वज आहे, आणि केसरी-मराठा ग्रंथालयही आहे. वस्तूंच्या सोबत वाचनाची जागा ठेवता येते, याचा दाखला आपल्या घरातच आहे. बेल्जियममधल्या अँटवर्पला प्लांटिन घराण्याचा सोळाव्या शतकातला छापखाना त्या शहराने विकत घेतला आणि १८७७ मध्ये संग्रहालय म्हणून खुला केला. यंत्रे, खिळे, हिशेबाच्या वह्या, घर, ग्रंथसंग्रह, सारे जागच्या जागी ठेवले. त्या हिशेबाच्या वह्यांमुळे तिथल्या कामगारांचे जगणे अभ्यासता आले. २००५ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारशाचे स्थान दिले.

नगरपालिकेला हे झेपेल का, असे विचारणाऱ्यांनी भायखळ्याचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय पाहावे. १८७२ मध्ये उघडलेली ती वास्तू मोडकळीस आली होती. मुंबई महापालिका, इन्टॅक ही वारसा जतन करणारी संस्था आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांनी करार करून ती दुरुस्त केली आणि २००८ मध्ये ती पुन्हा लोकांसाठी खुली झाली. लहान गावाचा व्याप लहान असतो, पण मालकी पालिकेची, तांत्रिक जबाबदारी जाणकार संस्थेची आणि पैशाचा वाटा दात्याचा, अशी लेखी विभागणी तिथेही करता येते. फायलींची मालकी कुणाची आणि पुढे ट्रस्ट बंद पडला तर त्या कुठे जातील, हे त्याच करारात लिहा. मी पाहिलेल्या बऱ्याच भांडणांचे मूळ या एका न लिहिलेल्या कलमात होते. वास्तू विकास आराखड्यात वारसा म्हणून नोंदवून घ्या, म्हणजे पुढचे मंडळ वेगळ्या मताचे आले तरी ती सहजी पाडता येणार नाही.

कारण पाडायला एक पहाट पुरते. जून २०१६ मध्ये दादरचे आंबेडकर भवन आणि तिथला बाबासाहेबांचा बुद्धभूषण छापखाना पाडला गेला. हजारो माणसे रस्त्यावर उतरली, वाद झाले, पुनर्बांधणीच्या चर्चा झाल्या. पण ज्या खोलीत एका समाजाचा आवाज खिळ्याखिळ्याने जुळवला गेला, ती खोली तशीच्या तशी कुणालाही परत देता आली नाही.

तेव्हा माझी विनंती अशी. संग्रहालयाच्या उद्घाटनाची तारीख ठरवण्याआधी एक यादी प्रसिद्ध करा: आपल्या पत्राचे कोणत्या वर्षांचे अंक हाती आहेत, कोणते महिने नाहीत, कोणत्या फायली उघडण्याच्या अवस्थेत नाहीत. ती आपल्याच पत्रात छापा, ग्रामपंचायतींच्या आणि शाळांच्या फलकांवर लावा, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आणि ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय यांसारख्या जुन्या संस्थांकडे पाठवा, त्यांच्याकडे कदाचित तुमचे हरवलेले वर्ष असेल. वाचकांना आवाहन करा. लोकांच्या ट्रंकांत, देवघराच्या कपाटात, जुन्या पत्रिकांबरोबर गुंडाळलेले अंक निघतात. कुणाच्या आजोबांची बातमी होती म्हणून जपलेले, कुणाचा निकाल होता म्हणून जपलेले. त्यांना पोचपावती द्या, हवे तर स्कॅन करून मूळ प्रत परत करा. ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवणारा कुणी त्या खोलीत आठवड्यातून एक दिवस बसू द्या. त्यासाठी मी माझ्या गावी बसायला तयार आहे, आणि माझ्यासारखे इतर गावांतही आहेत.

तुमच्या यादीची वाट पाहते.

आपली,
जुन्या अंकांची एक वाचक